चौसष्टचे पासष्ट कसे झाले?

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख वाचायला बसण्यापूर्वी एक आलेख कागद, पट्टी, पेन्सिल आणि कात्री जवळ घ्या. वर्गमुळांच्या बेरजेला कात्री कशाला, असे तुम्ही विचाराल. ते लवकरच कळेल.

आलेख कागदावर ८ सें.मी. बाजूचा चौरस आखून कापा. त्याचे क्षेत्रफळ ६४ चौ. सें.मी. आहे, हे वेगळे सांगायला नको. आता या चौरसाचा ३ सें.मी. रुंदीचा उभा पट्टा कापून बाजूला काढा. तुमच्याजवळ दोन आयत झाले: एक ८ × ३ चा आणि दुसरा ८ × ५ चा. पहिला आयत त्याच्या कर्णावर कापा. दोन सारखे काटकोन त्रिकोण मिळतील. प्रत्येकाच्या काटकोनाजवळच्या बाजू ८ आणि ३ सें.मी. आहेत. दुसरा आयत उभा धरा. त्याच्या डाव्या बाजूवर वरून ३ सें.मी. अंतरावर एक खूण करा व उजव्या बाजूवर वरून ५ सें.मी. अंतरावर दुसरी. दोन्ही खुणा रेषेने जोडा आणि त्या रेषेवर कापा. दोन सारखे समलंब चौकोन मिळतील. प्रत्येकाच्या समांतर बाजू ३ व ५ सें.मी. असून त्यांमधील अंतर ५ सें.मी. आहे.

आता एक समलंब चौकोन व एक त्रिकोण घ्या. दोघांच्याही ३ सें.मी.च्या बाजू एकमेकींना अशा भिडवा की समलंब चौकोनाची ५ सें.मी. उंचीची बाजू आणि त्रिकोणाची ८ सें.मी.ची बाजू एका रेषेत येतील. एका बाजूला १३ सें.मी., दुसऱ्या बाजूला ५ सें.मी. आणि तिसरी तिरपी, असा मोठा काटकोन त्रिकोण तयार झालेला दिसेल. उरलेल्या दोन तुकड्यांचा असाच दुसरा त्रिकोण करा आणि दोघांच्या तिरप्या बाजू एकमेकींना लावा. झाला १३ × ५ चा आयत! याचे क्षेत्रफळ किती? १३ × ५ = ६५.

तुकडे तेच, कागद तोच; मग एक चौ. सें.मी. कागद आला कोठून?

हे कोडे जुने आहे. १८६८ साली ते एका जर्मन गणित नियतकालिकात छापलेले आढळते. मी ते वर्गात दाखवतो तेव्हा कोणी म्हणते, "सर, कापताना काहीतरी चुकले." कोणी म्हणते, "मधे कोठे तरी फट असणार." दुसरे उत्तर बरोबर आहे. पण 'असणार' म्हणून भागत नाही. फट आहे हे सिद्ध करता आले पाहिजे, आणि पट्टीने मोजून ते सिद्ध होत नाही. का होत नाही ते पाहा.

मोठ्या त्रिकोणाची तिरपी बाजू दोन तुकड्यांची बनली आहे. समलंब चौकोनाची तिरपी बाजू म्हणजे ५ व २ सें.मी. बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण. पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे तिची लांबी √(२५ + ४) = √२९. लहान त्रिकोणाचा कर्ण √(६४ + ९) = √७३. आणि १३ × ५ च्या आयताचा खरा कर्ण √(१६९ + २५) = √१९४. दोन तुकडे खरोखरच एका सरळ रेषेत असतील, तर

√२९ + √७३ = √१९४

हे खरे असले पाहिजे. सरळ रेषेत नसतील, तर खरे असता कामा नये. सारा प्रश्न असा दोन वर्गमुळांच्या बेरजेवर येऊन ठेपतो.

पट्टी घेतली तर ५.४ व ८.५ मिळून १३.९, आणि कर्णही १३.९. वर्गमुळांचे कोष्टक उघडले तर √२९ = ५.३८५ आणि √७३ = ८.५४४, बेरीज १३.९२९. चार अंकी कोष्टकात √१९४ समोर १३.९३ लिहिलेले असते. म्हणजे कोष्टकही 'बरोबर आहे' असेच म्हणते. तेव्हा कोष्टक मिटून ठेवू आणि वर्गमुळांची बेरीज मुळात कशी होते हेच आधी नीट समजून घेऊ.

प्रथम एका चुकीचा समाचार घेतला पाहिजे, कारण ती दरवर्षी उत्तरपत्रिकांत भेटते. √२९ + √७३ म्हणजे √१०२, असे लिहिणारे विद्यार्थी आठवीत असतात, दहावीत असतात आणि, सांगायला वाईट वाटते, महाविद्यालयातही असतात. भौतिकशास्त्राच्या तासाला ही चूक उलट्या अंगाने येते. काटकोनात असलेल्या ३ व ४ न्यूटन बलांचे परिणामी बल काढताना √(९ + १६) इथपर्यंत सर्व ठीक असते, आणि पुढच्या ओळीत ३ + ४ = ७ अवतरते. २५ चे वर्गमूळ ५ आहे हे त्या विद्यार्थ्याला ठाऊक नसते असे नाही. मूळचिन्हाखाली बेरीज दिसली की ते चिन्ह दोघांना वाटून देण्याचा मोह त्याला आवरत नाही, इतकेच. गुणाकारात हे वाटप चालते: √४ × √९ = २ × ३ = ६ आणि √३६ = ६. त्यावरून बेरजेतही चालेल असे मनाने ठरवून टाकलेले असते.

ते का चालत नाही? दोन धन संख्या समान आहेत की नाहीत हे पाहायचे असेल, तर त्यांचे वर्ग करून पाहावे. √अ + √ब या बेरजेचा वर्ग करा:

(√अ + √ब)² = अ + ब + २√(अब)

√(अ + ब) चा वर्ग मात्र नुसता अ + ब. दोहोंत २√(अब) एवढा फरक आहे, आणि अ व ब धन असताना तो कधीच शून्य होत नाही. म्हणून √अ + √ब ही बेरीज √(अ + ब) पेक्षा नेहमी मोठीच. यात आश्चर्य नाही. √अ, √ब आणि √(अ + ब) या तर एका काटकोन त्रिकोणाच्या बाजू झाल्या! मैदानाच्या दोन कडांनी चालत जाणारा मनुष्य आणि तिरपा आडवा जाणारा मनुष्य सारखेच अंतर चालतात, असे कोणी म्हणणार नाही. √अ + √ब = √(अ + ब) लिहिणारा नेमके तेच म्हणत असतो.

मग वर्गमुळांची बेरीज होतच नाही का? होते, पण काहींची. पुन्हा आलेख कागद घ्या. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून २ × २ चा चौरस आखा आणि त्याचा कर्ण काढा. हा कर्ण जेथे संपतो तेथून पुढे ३ × ३ चा चौरस आखून त्याचाही कर्ण काढा. पहिला कर्ण √८, दुसरा √१८. दोन्ही एकाच तिरप्या रेषेवर आहेत आणि दोन्ही मिळून ५ × ५ च्या चौरसाचा कर्ण होतो. तो आहे √५०. म्हणजे √८ + √१८ = √५०. येथे फट नाही, कसलीही भानगड नाही.

असे का जमले? १ × १ च्या चौरसाचा कर्ण √२ आहे. २ × २ च्या कर्णात तो दोन वेळा मावतो, ३ × ३ च्या कर्णात तीन वेळा. √८ = २√२, √१८ = ३√२, आणि २√२ + ३√२ = ५√२. दोन डझन आंबे आणि तीन डझन आंबे मिळून पाच डझन होतात, तितके हे सरळ आहे. येथे √२ हे आपले माप झाले. दोन्ही लांब्या एकाच मापाने मोजता आल्या म्हणून त्यांची बेरीज झाली.

पूर्णांकाचे किंवा अपूर्णांकाचे वर्गमूळ परिमेय संख्या म्हणून सुटत नसेल, तर त्याला आपण करणी म्हणतो. करणीचे सरळ रूप काढणे म्हणजे तिच्यात दडलेले हे माप शोधणे. मूळचिन्हाखालच्या संख्येत लपलेला मोठ्यात मोठा पूर्ण वर्ग अवयव ओळखायचा आणि त्याचे वर्गमूळ बाहेर आणायचे. √७२ घ्या. ७२ = ३६ × २, म्हणून √७२ = ६√२. कोणी ७२ = ९ × ८ असे पाहून ३√८ वर थांबतो. ते चूक नाही, पण काम अर्धे राहिले. ८ मध्ये आणखी एक ४ शिल्लक आहे. मोठा वर्ग चटकन दिसत नसेल तर मूळ अवयव पाडावेत. ७२ = २ × २ × २ × ३ × ३; प्रत्येक जोडीतला एक जण बाहेर येतो, ज्याला जोडीदार नाही तो आत राहतो.

सरळ रूपात आणल्यावर मूळचिन्हाखाली तीच संख्या उरली, तर त्या सजातीय करणी. त्यांच्या सहगुणकांची बेरीज-वजाबाकी खुशाल करावी. उदाहरणार्थ,

√७५ + √४८ − √२७ = ५√३ + ४√३ − ३√३ = ६√३

अपूर्णांक आला तरी घाबरू नये. √१२ + √(१/३) हे उदाहरण पाहिले की 'यांचा एकमेकांशी काय संबंध' असे वाटते. पण १/३ चा अंश व छेद यांना ३ ने गुणा: √(३/९) = √३/३. आता २√३ + √३/३ = ७√३/३. दोघे एकाच घरातले निघाले.

याउलट √१८ + √२७ पाहा. सरळ रूप ३√२ + ३√३. बाहेर दोन्हीकडे ३ दिसतो म्हणून पुष्कळांचा हात शिवशिवतो आणि ३√५ किंवा ६√५ असे उत्तर येते. समान असायला हवी आतली संख्या, बाहेरची नव्हे. फार तर ३(√२ + √३) असे लिहावे आणि तेथेच लेखणी खाली ठेवावी.

हे थांबणे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. 'करणी' हा शब्दच मुळी शुल्बसूत्रांच्या काळापासूनचा. यज्ञवेदी बांधताना दोरीने चौरस आखीत. मूळ चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस ज्या बाजूवर उभा राहतो ती द्विकरणी, तिप्पट क्षेत्रफळाचा उभा राहतो ती त्रिकरणी. म्हणजे आपले √२ आणि √३. पुढे इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात करणींच्या गणितासाठी स्वतंत्र प्रकरण घातले. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, कोरवून घेतलेल्या शिलालेखात ज्या घराण्याची हकीकत आहे, तेच हे भास्कराचार्य. त्या प्रकरणात ते आपल्या वाचकाला 'मित्रा' अशी हाक मारून तीन जोड्यांची बेरीज व वजाबाकी विचारतात: २ आणि ८ या करणींची, ३ आणि २७ यांची, आणि ३ आणि ७ यांची. (२७ ही संख्या त्यांनी नक्षत्रे या अर्थाच्या शब्दाने सांगितली आहे.) तिसऱ्या जोडीबाबत मात्र चांगला विचार करून सांग, असा इशारा ते देतात. परीक्षकाचा स्वभाव आठशे वर्षांत फारसा बदललेला नाही!

त्यांची रीत आपल्या पाठ्यपुस्तकाहून थोडी वेगळी आहे. दोन संख्यांची बेरीज घ्या. त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून दुप्पट करा. दोन्ही मिळवा, येणारी संख्या ही उत्तराची करणी. २ आणि ८ साठी: बेरीज १०, गुणाकार १६, त्याचे मूळ ४, दुप्पट ८. १० + ८ = १८. म्हणून √२ + √८ = √१८. वजाबाकीसाठी १० − ८ = २, म्हणजे √८ − √२ = √२. ३ आणि २७ साठी: बेरीज ३०, गुणाकार ८१, मूळ ९, दुप्पट १८; ३० + १८ = ४८ आणि ३० − १८ = १२. √३ + √२७ = √४८. सरळ रूपाने पडताळा पाहा: √३ + ३√३ = ४√३, आणि ४√३ म्हणजेच √४८. ही रीत म्हणजे आपण वर लिहिलेले (√अ + √ब)² चे सूत्रच आहे, हे तुमच्या ध्यानात आले असेल.

आता ३ आणि ७. बेरीज १०, गुणाकार २१. २१ हा पूर्ण वर्ग नाही. येथे भास्कराचार्य सांगतात की या करणी वेगळ्याच लिहून ठेवाव्यात.

वेगळ्याच का? उद्या एखादा हुशार विद्यार्थी त्यांना एकत्र करणारी युक्ती काढणार नाही कशावरून? समजा √३ + √७ = √न असा एखादा पूर्णांक किंवा अपूर्णांक न मिळाला. दोन्ही बाजूंचे वर्ग केले की १० + २√२१ = न, म्हणजे √२१ ही परिमेय संख्या ठरेल; तिला आपण प/फ म्हणू, येथे प व फ पूर्णांक. मग प² = २१फ². कोणत्याही पूर्ण वर्गाचे मूळ अवयव पाडले तर त्यात ३ हा अवयव समसंख्येने येतो, कारण वर्ग म्हणजे सर्व अवयवांच्या जोड्याच. डाव्या बाजूला तो समसंख्येने आहे. उजव्या बाजूला फ² मधील समसंख्या आणि २१ मधला एक जादा, म्हणजे विषम. एकच संख्या आणि तिच्यातील ३ ची संख्या समही व विषमही! हे अशक्य आहे. म्हणून असा न कधीच सापडणार नाही. 'बेरीज होत नाही' हे आपले अज्ञान नव्हे, ते सिद्ध झालेले सत्य आहे.

आता आपल्या कागदाकडे वळू. √२९ + √७३ = √१९४ आहे का? भास्कराचार्यांच्या रीतीने पाहा. बेरीज २९ + ७३ = १०२. तिच्यात २√(२९ × ७३) मिळवल्यावर १९४ आले, तर समानता खरी. म्हणजे २√(२९ × ७३) हे ९२ असले पाहिजे. √(२९ × ७३) हे ४६ असले पाहिजे. २९ × ७३ हा ४६ चा वर्ग असला पाहिजे.

२९ × ७३ = २११७.
४६ × ४६ = २११६.

एकाने हुकले! आणि हुकले म्हणजे हुकलेच. दोन तुकडे मिळून होणारी लांबी खऱ्या कर्णापेक्षा जास्त आहे, म्हणजेच ती रेषा वाकलेली आहे. किती जास्त? √२९ + √७३ = १३.९२९१७ आणि √१९४ = १३.९२८३९, सुमारे ०.०००७८ सें.मी.; मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. आपली पट्टी हे पकडणार तरी कशी? पण वर्ग करून पाहिल्याबरोबर २११७ व २११६ हे दोन पूर्णांक समोरासमोर उभे राहिले आणि शंकेला जागाच उरली नाही.

रेषा वाकलेली असल्यामुळे दोन मोठ्या 'त्रिकोणां'च्या मध्ये √२९ व √७३ बाजूंचा एक अतिशय चिंचोळा समांतरभुज चौकोन मोकळा राहतो. तो जवळजवळ १४ सें.मी. लांब, पण त्याच्या लांब बाजूंमधील अंतर १/√७३ सें.मी., म्हणजे मिलिमीटरहून थोडेसेच जास्त. क्षेत्रफळ मात्र भरते बरोबर १ चौ. सें.मी. तेच ते पासष्टावे. कात्रीच्या ओबडधोबड कडांत ते सहज लपून जाते.

शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगतो. २११७ व २११६ मधला १ योगायोगाने आलेला नाही. २९ = ५² + २² आणि ७३ = ८² + ३². ५ × ८ + २ × ३ = ४६, आणि ८ × २ − ५ × ३ = १. (५² + २²)(८² + ३²) = ४६² + १² हे नित्य समीकरण अक्षरे घेऊन फळ्यावर विस्तारून दाखवले, तर नववी-दहावीच्या मुलांना ते पटते. उजवीकडचा तो १ म्हणजेच त्या चिंचोळ्या फटीचे क्षेत्रफळ. √८ व √१८ च्या वेळी हीच वजाबाकी २ × ३ − २ × ३ = ० येते. तेथे फट नाही.

आज खिशातल्या फोनमध्येही गणकयंत्र असते, तेव्हा बटणे दाबून आठ दशांश स्थळे काढली की झाले, असे काहींना वाटेल. बहुतेक वेळा भागतेही. पण √५ + √६ + √१८ आणि √४ + √१२ + √१२ या दोन बेरजा चार दशांश स्थळांच्या कोष्टकातून करून पाहा. दोन्ही ८.९२८२ येतात. गणकयंत्रावर पहिली ८.९२८१९८ व दुसरी ८.९२८२०३ दिसते, म्हणजे फरक पडतो तो पाचव्या स्थळानंतर. याहून अधिक करणी घेतल्या की फरक आणखी खोल दडू शकतो. तो कितव्या स्थळापर्यंत दडू शकेल? अनेक गावांतून फिरणाऱ्या दोन मार्गांपैकी आखूड कोणता, हे संगणकाकडून ठरवताना नेमका हाच प्रश्न येतो, कारण दोन गावांमधले प्रत्येक अंतर हे एक वर्गमूळ असते. १९७६ साली गॅरी, ग्रॅहम व जॉन्सन या संशोधकांनी ही अडचण दाखवून दिली. कोणत्याही दोन बेरजांची तुलना झटपट आणि खात्रीने करून देणारी सर्वसाधारण रीत अद्यापही कोणाला सापडलेली नाही.

आता उरलेला आलेख कागद वाया घालवू नका. ५ सें.मी. बाजूचा चौरस घ्या. त्यातून २ सें.मी.चा पट्टा कापून त्याचे दोन त्रिकोण करा. उरलेल्या ५ × ३ च्या आयताचे, समांतर बाजू २ व ३ सें.मी. असलेले, दोन समलंब चौकोन करा आणि चारही तुकड्यांचा ८ × ३ चा आयत जुळवा. या वेळी २५ चे २४ होतील. कागद नाहीसा कोठे झाला ते आधी √१०, √२९ आणि √७३ यांना विचारा, आणि मगच तुकडे उजेडासमोर धरून पाहा.